जुन्या चित्रपटाची कोणती आवृत्ती घ्यावी: चित्र आणि आवाज ताडून पाहण्याची रीत

गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यवाहांनी मला प्रश्न विचारला आहे. त्यांच्याकडे एकाच जुन्या चित्रपटाची एक व्हीसीडी आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या डीव्हीडी आहेत, आता त्याची ब्लू-रेही मिळू लागली आहे, आणि यूट्यूबवर तो फुकट दिसतो तो आणखी वेगळाच. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी शाळेच्या सभागृहात प्रोजेक्टर लावून ते गावाला जुने चित्रपट दाखवतात आणि खरेदीसाठी वर्षाकाठी हाती फार थोडी रक्कम असते. तेव्हा यांतली कोणती आवृत्ती घ्यावी, महाग ती चांगली असे समजावे काय, आणि चित्राची व आवाजाची तुलना सामान्य माणसाने कशी करावी, असे त्यांना हवे आहे. मी १९८४ पासून सात वर्षे फिरत्या टॉकीजवर ऑपरेटर होतो, पुढे साकोलीला कॅसेटची लायब्ररी चालवली, व्हीसीआर दुरुस्त केले, आणि गेली वीस वर्षे एकाच चित्रपटाच्या निरनिराळ्या आवृत्त्या शेजारी ठेवून ताडून पाहणे हे माझे नित्याचे काम झाले आहे. त्या अनुभवाच्या आधारे हे उत्तर लिहीत आहे, आणि ते थोडे लांबणार आहे.

सर्वांत आधी प्रश्नाची मांडणी बदलावी असे मी सुचवीन. ‘कोणती आवृत्ती चांगली’ असे विचारले की डोळा झळाळीकडे जातो आणि कान मोठ्या आवाजाकडे. त्याऐवजी ‘या आवृत्तीतून काय गेले आहे’ असे विचारावे. फिल्मवर जे उमटले होते त्यात घरगुती आवृत्ती खरी भर घालू शकत नाही. कमी किंवा जास्त गमावणे एवढेच तिच्या हाती असते. एकीने चौकटीचा भाग गमावलेला असतो, दुसरीने मिनिटे, तिसरीने चेहऱ्यावरचा पोत, चौथीने घुंगरांच्या आवाजाची धार. आवृत्त्यांची तुलना म्हणजे या हानीचा हिशेब आहे, आणि तो हिशेब मांडायला महागडी यंत्रे लागत नाहीत.

हे मला शिकवले ते मंडईच्या, म्हणजे आमच्याकडच्या गावजत्रेच्या, एका रात्रीने. दिवाळीनंतरच्या मंडईत एका गावाने तमाशाप्रधान जुना कृष्णधवल चित्रपट दाखवायला सांगितला. वेष्टनावर ‘डिजिटल रीमास्टर्ड’ असे ठळक छापलेली, पडदा कडेपासून कडेपर्यंत भरणारी डीव्हीडी मी हौसेने नेली. पहिली लावणी सुरू झाली आणि पुढे बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी मोठ्याने विचारले, “पाय कुठी गेले गा बाईचे?” खरोखरच नाचणारीचे पाय घोट्याच्या वर कापले गेले होते, घुंगरांचा आवाज येत होता आणि घुंगरू दिसत नव्हते. गाणे संपल्यावर तेच गृहस्थ म्हणाले की यातले एक कडवेही गेले आहे. त्यांनी तो चित्रपट लहानपणी तंबूत पाहिला होता. दोन्ही गोष्टी त्यांनी अचूक सांगितल्या होत्या आणि मला मात्र चित्र स्वच्छ आहे एवढ्यावरच समाधान वाटले होते. त्या रात्रीपासून मी वेष्टनावरचे शब्द पुराव्यात धरणे सोडले.

पुरावा चित्रातच असतो, आणि त्यातला पहिला प्रश्न वंशावळीचा आहे. कॅमेऱ्यात फिरते ती मूळ निगेटिव्ह. तिच्यावरून एक पॉझिटिव्ह, त्यावरून नकल निगेटिव्ह आणि तिच्यावरून टॉकीजसाठी प्रिंट असा सरळ क्रम. प्रत्येक पायरीला बारकावा थोडा घटतो आणि काळ्यापांढऱ्यातला विरोध थोडा वाढतो. आपल्याकडे पुष्कळदा मूळ निगेटिव्हवरूनच थेट प्रिंटा काढत, त्यामुळे चित्रपट जितका लोकप्रिय तितकी त्याची निगेटिव्ह झिजलेली. सी. पी. बेरार सर्किटमध्ये, म्हणजे आमच्या भागाच्या चित्रपट-वितरण क्षेत्रात, अमरावतीच्या वितरकांकडून पेट्या निघत, मोठ्या गावांच्या टॉकीज करून त्या आमच्या तंबूपर्यंत पोचत, तोवर त्या प्रिंटेचे शेकडो खेळ झालेले असत. तुटलेली फिल्म जोडताना दरवेळी दोनतीन फ्रेमा जात, आणि मीही अशा कितीतरी फ्रेमा कापल्या आहेत. व्हिडिओचा काळ आला तेव्हा अनेक चित्रपटांच्या अशाच वापरलेल्या प्रिंटा यंत्रातून फिरवून चुंबकीय टेपवर उतरवल्या गेल्या, आणि एकदा केलेली ती टेपच पुढे कॅसेट, व्हीसीडी, डीव्हीडी आणि प्रसंगी ब्लू-रेसाठीही वापरली गेली. म्हणून चार वेष्टने म्हणजे चार आवृत्त्या असे समजू नये. पुष्कळदा चारही ठिकाणी एकच टेप असते.

वंशावळ ओळखण्याच्या खुणा साध्या आहेत. दर रिळाच्या शेवटी वरच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर गोल ठिपका चमकत असेल, आणि सुमारे सात सेकंदांनी पुन्हा चमकत असेल, तर ती ऑपरेटरला यंत्र बदलण्यासाठी दिलेली खूण आहे आणि आवृत्ती बहुधा टॉकीजच्या प्रिंटेवरून केलेली आहे. पडद्यावरचे डाग काळे असतील तर ती धूळ प्रिंटेवर बसलेली होती. पांढरे असतील तर धूळ निगेटिव्हवर होती आणि ती प्रिंटेत उतरली. रंगीत चित्रपटात उभ्या हिरव्या रेघा दिसल्या तर प्रिंटेचा वरचा थर यंत्रात खरवडला गेलेला आहे. संवादाच्या मध्येच चित्र आणि आवाज दोन्ही एकदम उडी मारत असतील तर तो जोड आहे. दोन डीव्हीडींवर तोच डाग त्याच क्षणी त्याच जागी दिसला, की दोन्ही एकाच टेपवरून निघाल्या असे खुशाल समजावे आणि दुसरीसाठी पैसे घालू नयेत. यूट्यूबवरच्या प्रतीलाही हीच कसोटी लावावी. तिच्या नावापुढे एचडी किंवा फोर-के लिहिलेले असणे हा कशाचाच पुरावा नाही.

नव्या स्कॅनची, म्हणजे फिल्म पुन्हा नव्याने संगणकात उतरवल्याची, ओळख पटवायला मी आणखी एक गोष्ट पाहतो. आपल्या चित्रपटांच्या आरंभी सेन्सॉरचे प्रमाणपत्र येते आणि त्यावर बारीक अक्षरे असतात. डीव्हीडीवर वाचता न येणारी ती अक्षरे ब्लू-रेवर वाचता आली, तर फिल्मवरून खरोखर नव्याने काम झालेले आहे. तिथेही ती तितकीच पुसट आणि फक्त मोठी दिसत असतील, तर जुनेच चित्र ताणून जास्त क्षमतेच्या तबकडीवर भरलेले आहे.

त्याच प्रमाणपत्रावर अधिक मोलाची नोंद असते ती लांबीची. ३५ मिमी फिल्म सेकंदाला २४ फ्रेमा या वेगाने चालते तेव्हा मिनिटाला ९० फूट, म्हणजे सुमारे २७.४३ मीटर फिल्म पुढे सरकते. प्रमाणपत्रावर लांबी फुटांत असेल तर ९० ने भागावे, मीटरमध्ये असेल तर २७.४३ ने. समजा ४,११५ मीटर लिहिले आहे, तर चित्रपट १५० मिनिटांचा होता. तबकडी १३१ मिनिटांतच संपत असेल तर एकोणीस मिनिटे कुठेतरी गेली आहेत. व्हीसीडीच्या एका तबकडीत सुमारे ७४ ते ८० मिनिटे मावतात. तिसरी तबकडी वाचवण्यासाठी कात्री चालवलेली मी अनेकदा पाहिली आहे, आणि ती कात्री बहुतेक वेळा गाण्याच्या कडव्यावर किंवा विनोदी उपकथेवर पडते, कारण तेथे कथेचा सांधा उघडा पडत नाही.

मिनिटे कमी भरण्याचे एक निरुपद्रवी वाटणारे कारणही आहे, आणि संगीतप्रधान चित्रपटांच्या बाबतीत मला ते फार खुपते. पाल या आपल्याकडच्या टीव्ही-पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे दाखवली जातात. २४ फ्रेमांची फिल्म त्यात बसवण्याचा सोपा मार्ग म्हणजे ती थोडी वेगाने चालवणे. मग १५० मिनिटांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपतो, काहीही कापलेले नसते, पण वेग चार टक्क्यांनी वाढल्यामुळे सगळ्यांचा आवाज सुमारे पाऊण अर्धस्वराने वर चढतो. पांढरी एकमध्ये गायलेले गाणे काळी एकच्या जवळ जाऊन बसते. गायकाचा आवाज किंचित पातळ, किंचित घाईचा होतो. नेमके काय बिघडले हे ऐकणाऱ्याला सांगता येत नाही, पण ज्याने ते गाणे वर्षानुवर्षे ऐकले आहे त्याला चुकल्यासारखे वाटते. आपल्या गावच्या भजनी मंडळातील पेटी वाजवणाऱ्याला बोलवावे आणि दोन्ही आवृत्त्यांतल्या त्याच गाण्याचा षड्ज शोधायला सांगावे. पेटी आणि फिल्म एकमेकींशी जुळतीलच असे नाही, म्हणून पेटीवर कोणता स्वर येतो याला महत्त्व नाही. दोन आवृत्त्यांतले अंतर तेवढे पाहावे. नव्या यंत्रांवर हा वेग परत खाली आणता येतो, पण सभागृहात ते करत बसण्यापेक्षा योग्य वेगाची आवृत्ती घेणे बरे.

आता चौकटीविषयी. मूकपटानंतरचे जवळजवळ सर्व जुने मराठी आणि हिंदी चित्रपट १.३७:१ या प्रमाणात, म्हणजे उंचीपेक्षा रुंदी थोडीच जास्त अशा चौकटीत चित्रित झाले. सिनेमास्कोपची रुंद चौकट आपल्याकडे ‘कागज़ के फूल’ने १९५९ साली आणली आणि ती रुळायला पुढे बराच काळ गेला. आजचा टीव्ही १६:९ चा. जुनी चौकट त्यात अखंड बसवली तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात, आणि त्या तशाच राहिल्या पाहिजेत. गिऱ्हाइकाला पट्ट्या आवडत नाहीत म्हणून कंपन्या दोनपैकी एक मार्ग धरतात. पहिल्या मार्गाने चित्र आडवे ताणतात; मग बैलगाडीचे चाक लांबट दिसते आणि सर्व माणसे एकतृतीयांशाने जाड होतात. हे लक्षात येते आणि टीव्हीच्या सेटिंगमधून बहुधा दुरुस्तही होते. दुसऱ्या मार्गाने वरून आणि खालून कापतात. त्यात उंचीचा जवळजवळ चौथा हिस्सा कायमचा जातो, आणि चित्र भरलेले दिसत असल्यामुळे तो गेला हे कळतच नाही. मंडईत मला फसवले ते या दुसऱ्या मार्गाने. उलट, रुंद स्कोपचा चित्रपट जुन्या चौकोनी टीव्हीसाठी कापला की ४० टक्क्यांहून अधिक चित्र जाते, आणि दोघांच्या संवादात एकच माणूस भिंतीशी बोलताना उरतो. म्हणून श्रेयनामावली, नृत्य आणि दोन टोकांना दोन माणसे असलेले दृश्य, ही तीन ठिकाणे चौकटीसाठी पाहावीत. अक्षरे कडेला टेकली, पाय तुटले किंवा कपाळे उडाली की ती आवृत्ती बाजूला ठेवावी, मग ती कितीही स्वच्छ असो.

स्वच्छतेविषयी मला थोडे सविस्तर बोलायचे आहे, कारण सर्वाधिक फसगत तेथे होते. फिल्मवरचे चित्र चांदीच्या किंवा रंगाच्या अतिसूक्ष्म कणांनी बनलेले असते आणि ते कण पडद्यावर हलकेसे हलत राहतात. यालाच आम्ही दाणा म्हणतो. टीव्हीवर सिग्नल क्षीण झाला की येणाऱ्या मुंग्या वेगळ्या आणि हा दाणा वेगळा. मुंग्या चित्राच्या वर बसतात, दाण्यातून चित्र घडते. संगणकाने दाणा पुसता येतो, पण दाण्याबरोबर त्याच आकाराचे सर्व काही पुसले जाते: त्वचेची रंध्रे, सुती लुगड्याची वीण, दाढीचे खुंट, पावसाचे थेंब. उरतो तो मेणाचा चेहरा. मग गेलेली धार परत आणल्याचा भास करण्यासाठी कडा ठळक करतात, आणि माणसाच्या खांद्याभोवती पांढरी रेघ उमटते. ज्यांना नवा टीव्ही पाहण्याची सवय आहे त्यांना हे चित्र पहिल्या पाच मिनिटांत आवडते. माझी सूचना अशी की एखाद्या वृद्ध पात्राचा चेहरा जवळून दिसतो ते दृश्य थांबवावे. सुरकुत्या दिसल्या तर पुढे जावे. सुरकुत्यांच्या जागी गुळगुळीत डाग दिसले तर चित्र धुऊन टाकलेले आहे.

कृष्णधवल चित्रपटात काळा आणि पांढरा यांच्यामधल्या करड्या छटा हेच सर्व वैभव असते. प्रिंटेवरून केलेल्या आवृत्तीत सावल्या एकजीव काळ्या होतात आणि पांढरे धोतर दिव्यासारखे पेटते. रात्रीच्या दृश्यात काळ्या कोटाची घडी दिसते का, आणि दुपारच्या दृश्यात पांढऱ्या लुगड्याच्या निऱ्या मोजता येतात का, एवढे दोन प्रश्न पुरतात. रंगीत चित्रपटांत वेगळेच संकट आहे: ईस्टमन पद्धतीच्या जुन्या प्रिंटांतला निळसर रंगद्रव्याचा थर सर्वांत आधी विरतो आणि सगळे चित्र गुलाबी-तांबडे होत जाते. अशा प्रिंटेवरून केलेल्या आवृत्तीत आकाश जांभळट आणि केळीचे पान तपकिरी दिसते. याच्या उलट, काही नव्या आवृत्त्यांत जुन्या चित्रपटाला आजच्या जाहिरातींसारखा निळा-नारिंगी रंग चढवतात. हळद, कुंकू, हिरवे पान आणि माणसाची त्वचा या चार वस्तू आपल्या डोळ्यांना पाठ आहेत. त्या खऱ्या वाटल्या की बाकीचे रंग बहुधा खरे असतात.

तबकडीच्या क्षमतेचा हिशेब थोडक्यात सांगतो. व्हीसीडीवर ३५२ बाय २८८ बिंदूंचे चित्र सेकंदाला ११५० किलोबिट या दराने भरलेले असते, म्हणून धूर, धुके, पाणी आणि गर्दी यांत चौकोनी ठोकळे उठतात. डीव्हीडीवर ७२० बाय ५७६ किंवा ७२० बाय ४८० बिंदू, ब्लू-रेवर १९२० बाय १०८०. पण बिंदूंइतकाच दरही महत्त्वाचा आहे. ८.५ जीबीच्या डीव्हीडीवर अडीच तासांचा एकच चित्रपट असेल तर सेकंदाला साधारण साडेसात मेगाबिट मिळतात, ४.७ जीबीच्या तबकडीत ‘एकात तीन’ चित्रपट भरले तर जेमतेम १.४ मेगाबिट. तेव्हा स्वस्तातली तीन चित्रपटांची डीव्हीडी ही नावापुरती डीव्हीडी असते. हलणाऱ्या हातावर चित्र थांबवले असता कंगव्याच्या दात्यांसारख्या रेघा किंवा दोन हात दिसले, तर एका टीव्ही-पद्धतीच्या टेपवरून दुसऱ्या पद्धतीत ढोबळ रूपांतर झालेले आहे, आणि हा दोष कोणत्याही महागड्या प्लेयरने पूर्ण जात नाही.

आवाजाला मी चित्राच्या बरोबरीचे, आपल्या भागात तर थोडे अधिकच वजन देतो. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या भागात, रात्रभर नाटक ऐकणारा आपला प्रेक्षक शब्द सुटला की लगेच अस्वस्थ होतो; चित्र पुसट असले तर तो सांभाळून घेतो. जुन्या चित्रपटाचा आवाज फिल्मच्या कडेला सुमारे अडीच मिलिमीटर रुंदीच्या प्रकाशीय पट्टीवर असे, आणि तो मोनो, म्हणजे एकाच वाटेचा, होता. साधारण आठ हजार हर्ट्झच्या वर त्यात फारसे काही उरत नसे, आणि थोडी घरघर हा त्या पट्टीचाच भाग होता. घरघर पूर्णपणे काढायला गेले की ‘स’, ‘श’, ‘च’ ही अक्षरे बोथट होतात, टाळ-चिपळ्यांची किणकिण मरते आणि तबल्याच्या चाटीची धार जाते. संवादांच्या मधल्या शांततेकडे कान द्यावा: तेथे खोलीचा हलका आवाज सतत असला तर ठीक; शांतता एकदम पोकळ होत असेल आणि शब्द सुरू होताच घरघर पुन्हा येत असेल, श्वास घेतल्यासारखी, तर गाळणी जास्त कडक लावली आहे.

दुसरा प्रकार आहे तो मोनोचे पाच-सहा वाटांच्या ध्वनीत रूपांतर. वेष्टनावर ५.१ लिहिलेले असते. प्रत्यक्षात त्याच एका पट्टीला कृत्रिम घुमारा देऊन ती सगळीकडे वाटलेली असते. याची परीक्षा आपल्या गावात सहज होते, कारण आपला भोंग्याचा अँप्लिफायर मोनोच असतो. दोन्ही वाटा एकत्र जोडल्यावर गाणाऱ्याचा आवाज मागे गेला किंवा विरला, तर तो स्टिरिओ खोटा आहे. ज्या तबकडीवर मूळ मोनो स्वतंत्रपणे दिलेला असतो ती तेवढ्यासाठीही घेण्याजोगी मानावी. ‘मुग़ल-ए-आज़म’ हा १९६० चा चित्रपट २००४ साली रंगीत करून पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा गायकांचे आवाज ठेवून वाद्यमेळ नव्याने वाजवून घेतला होता. ते काम कौशल्याचे आहे, परंतु १९६० साली लोकांनी ऐकले ते हे नव्हे. ज्याला मूळ हवे त्याने कृष्णधवल आवृत्ती आणि तिचा मोनो शोधावा. आणि एक गोष्ट अनेकांना खरी वाटत नाही: व्हीसीडीचे चित्र सर्वांत दुबळे असले तरी तिचा २२४ किलोबिटचा ध्वनी जुन्या मोनो पट्टीला पुरेसा आहे. गाळणी न लावलेली जुनी व्हीसीडी आवाजाच्या बाबतीत नव्या डीव्हीडीला मागे टाकते हे मी स्वतःच्या कानांनी अनेकदा अनुभवले आहे.

चित्राची आणि आवाजाची वंशावळ वेगवेगळी असू शकते हेही ध्यानात असावे. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून १९७६ साली उभा केलेला ‘मंथन’ हा चित्रपट फिल्म हेरिटेज फाउंडेशन या जुने चित्रपट जतन करणाऱ्या संस्थेने पुनर्स्थापित केला आणि २०२४ साली तो फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात दाखवला गेला; त्यात चित्र पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातील मूळ निगेटिव्हवरून घेतले, पण आवाज एका जुन्या प्रिंटेवरून घ्यावा लागला. सत्यजित राय यांच्या अपू-चित्रत्रयीच्या निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या आगीत होरपळल्या. २०१५ साली पुढे आलेल्या आवृत्तीत ‘पथेर पांचाली’च्या मूळ निगेटिव्हचा सुमारे ४० टक्केच भाग वापरता आला आणि बाकीचा इतर प्रतींवरून भरून काढला. जुन्या डीव्हीडीशेजारी ती लावली तर फरक कुणालाही दिसतो. ‘शोले’चा मूळ शेवट १९७५ साली बदलावा लागला होता आणि ७० मिमीवर त्याची चौकट २.२:१ होती, २०२५ साली इटलीतील बोलोन्याच्या महोत्सवात दाखवलेल्या पुनर्स्थापित आवृत्तीत हे दोन्ही परत आले. उलट, प्रभातच्या चित्रपटांच्या बाबतीत अपेक्षा बेताची ठेवावी. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट या चटकन पेटणाऱ्या जुन्या फिल्मच्या साठ्याला आग लागून त्यांची मूळ सामग्री मोठ्या प्रमाणात नष्ट झाली. तेथे प्रतीवरून केलेल्या आवृत्तीला दाणा किंवा ओरखडे आहेत म्हणून नाकारणे अन्यायाचे होईल. त्यातला आवाज आणि चौकट शाबूत आहे का एवढे पाहावे.

प्रत्यक्ष तुलना करताना सर्व तबकड्या एकाच प्लेयरवर, एकाच टीव्हीवर लावाव्यात. टीव्हीची झगमगती ‘व्हिव्हिड’ मांडणी बंद करावी, शार्पनेस शून्याजवळ आणावा, हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करावी. प्रत्येक आवृत्तीतून तेच तीन तुकडे, दोनदोन मिनिटांचे, निवडावेत: श्रेयनामावली, रात्रीचे एक दृश्य आणि नाचासह एक गाणे. आवाज समान पातळीवर आणल्याशिवाय ध्वनीविषयी बोलू नये, कारण किंचित मोठा आवाज नेहमीच चांगला भासतो. मोबाइलवरचे आवाज मोजण्याचे ॲप एवढ्या कामाला पुरते. शक्य तर तबकडी लावणारा एक आणि पाहणारे दुसरे असावेत, आणि कोणती लागली आहे हे पाहणाऱ्यांना सांगू नये. त्यांच्यात साठीच्या पुढचा एक तरी माणूस असावा.

ब्लू-रेसाठी जास्त पैसे घालावेत की नाही, हे सभागृहाच्या मापावर ठरते. साधारण दृष्टीच्या माणसाला डीव्हीडीतला सर्व बारकावा चित्राच्या उंचीच्या सहापट अंतरापर्यंत दिसतो, आणि ब्लू-रेतला सर्व बारकावा सुमारे तिपटीपर्यंत. तुमचा पडदा सहा फूट उंच असेल तर १८ फुटांच्या आत बसणाऱ्यांना ब्लू-रेचा पूर्ण लाभ होतो, आणि ३६ फुटांच्या मागे बसणाऱ्याला बारकाव्याच्या दृष्टीने दोन्ही सारख्याच. पण खऱ्या नव्या स्कॅनचा फायदा बारकाव्यापुरता नसतो. छटा, स्थिरता आणि अखंड चौकट शेवटच्या रांगेतूनही जाणवते. म्हणून नव्याने फिल्मवरून केलेली ब्लू-रे असेल तर ती अवश्य घ्यावी, ताणलेली असेल तर चांगल्या डीव्हीडीवर थांबावे. या तबकड्या घरगुती वापरासाठी विकल्या जातात, तेव्हा सभागृहात दाखवण्यापूर्वी हक्कधारकांना पत्र लिहून परवानगी घ्यावी. आणि उन्हाळ्यात व्होल्टेज पडते त्या गावात प्रोजेक्टरला स्टॅबिलायझर लावल्याशिवाय रंगांची तुलना करू नये.

नवी आवृत्ती आली म्हणून जुनी मोडीत काढू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. प्रत्येक आवृत्तीने वेगळे काही गमावलेले असते, त्यामुळे एकीत गेलेले दुसरीत सापडते. वाचनालयाच्या नोंदवहीत प्रत्येक तबकडीपुढे मिनिटे, चौकट, आवाजाचा प्रकार आणि गाळलेली गाणी लिहून ठेवावीत. कॅसेट पूर्ण गुंडाळून, उभ्या, कोरड्या कपाटात ठेवाव्यात. पावसाळ्यात पांढरी बुरशी धरलेली कॅसेट तशीच यंत्रात घालू नये, कारण बुरशी यंत्राच्या टेप वाचणाऱ्या हेडला लागते आणि तेथून पुढच्या कॅसेटवर जाते. आधी ती सुकवून जाणकाराकडून साफ करून घ्यावी. मंडईत दाखवलेल्या त्या चित्रपटाचे गाळलेले कडवे मला अखेर माझ्याच लायब्ररीतल्या, भाड्याने फिरून फिरून थकलेल्या एका कॅसेटवर मिळाले. तिचे चित्र फिकट आहे आणि खाली ट्रॅकिंगची रेघ हलते, पण गाणे पुरे आहे आणि नाचणारीचे पाय दिसतात. त्या वृद्ध गृहस्थांना मी ती घरी बोलावून दाखवली.